बारा जणांचे पाय धुणारी परात

मी एक पितळी परात बोलतेय. अंधेरी पूर्वेच्या एका गावठाणात चर्च आहे, तिथल्या वेदीमागच्या कपाटात माझी पस्तीस वर्षं गेली. घाटकोपरच्या भांडीवाल्याच्या दुकानात आम्ही सात परातींची उतरंड होतो. बाकीच्या सहा लग्नाघरी गेल्या आणि जावयांचे पाय धुऊ लागल्या. मला एका फादरांनी उचललं. मला वाटलं, सुटले. कसली सुटतेय, पायच नशिबी होते.

वर्षातून एकच दिवस माझं काम. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी संध्याकाळच्या मिस्साला, म्हणजे मोठ्या प्रार्थनेला, बारा खुर्च्या मांडतात. बारा जण बसतात. फादर गुडघ्यावर येऊन प्रत्येकाचा उजवा पाय माझ्यावर धरतात, तांब्याने पाणी घालतात, टॉवेलने पुसतात. प्रभूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले, तुम्हीही एकमेकांचे धुवा, असा त्याचा अर्थ. अर्थ चांगला आहे. तो मी पस्तीस वेळा ऐकलाय आणि दर वेळी मला भरून आलंय.

पण खरं सांगू? यंदापर्यंत मी तिथे एकही मळका पाय पाहिला नव्हता. ही माणसं घरी साबण लावून, टाचा घासून, नखं कापून येतात. नवे मोजे घालतात. अलीकडे तर पार्लरमध्ये जाऊन येतात. एका बाईंच्या पायाला इतका सुगंध होता की मेणबत्तीवाल्या पोरीला शिंका आल्या. माझ्यात पडलेलं पाणी बाहेर ओततात तेव्हा ते आणलं होतं तेवढंच स्वच्छ असतं. हवं तर त्यात डाळ शिजवा.

बाराजणांत नाव लागणं हीही सोपी गोष्ट नाही. यादी चर्चचा कारभार बघणारी पॅरिश कौन्सिल करते आणि कौन्सिलचा सेक्रेटरी पास्कल मिरांडा. पास्कल बिल्डर. चर्चचं नवं छप्पर त्याने घातलं, म्हणून पहिली खुर्ची त्याची. प्रवचनात गरिबांचा विषय निघाला की सर्वांत आधी मान डोलवणार तो. कोणी धंद्यावरून टोकलंच तर हसून म्हणायचा, "धर्म रविवारी, धंदा सोमवारी. खिचडी केली की दोन्हीची वाट लागते." लोकांना हे फार पटायचं. बहुतेकांचे सोमवार तसेच होते.

चर्चच्या मागे गावठाणातली बैठी घरं पाडून पास्कलला टॉवर बांधायचा होता. सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या, एक सोडून. ती एक फिलोमिना, आमची फिलूमावशी. वय अडुसष्ट, नवरा वारलेला, चर्चची झाडलोट करते. चिंच-मीठ लावून मला घासते तीच. पास्कल तिला बदल्यात मानखुर्दला खोली देत होता. ती म्हणायची, "माझी आई इथे मेली, मीही इथेच मरणार. मानखुर्दला मला कोण ओळखतं?"

मग पास्कलच्या खोदकामात तिच्या नळाचा पाईप तुटला. चुकून, असं तो म्हणाला. "उद्या जोडतो मावशी," असंही म्हणाला. हा उद्या आठ दिवस चालला.

त्यातच पालिकेची निवडणूक. होणार होणार म्हणून ती किती वर्षं लांबली होती, देव जाणे. आता ती खरंच जवळ आली आणि पास्कलला तिकीट हवं होतं. त्याच्या पक्षाचा नंदकुमार मोबाईल घेऊन यंदाच्या त्या गुरुवारी मिस्साला आला. चर्चमध्ये तो पहिल्यांदाच येत होता, पण कोणत्या खांबाजवळून शूटिंग झकास येईल ते त्याने आल्या आल्या हेरलं.

बारावा माणूस तापाने आला नाही. फादर जेरोम आमच्याकडे नवीन. ते म्हणाले, "रोज चर्च झाडते ती फिलोमिना बसू दे." काही वर्षांपूर्वी रोमहून बायकांनाही परवानगी आली आहे, त्यामुळे कोणी हरकत घेऊ शकलं नाही. उलट नंदकुमारच पास्कलच्या कानाशी लागला. "तिला तुमच्या शेजारी घ्या ना साहेब. गरीब बाई बाजूला असली की फ्रेम भरते." पास्कलने तिला आपल्या शेजारची खुर्ची दिली.

फादरांनी पास्कलचा पाय धुतला आणि टॉवेल त्याच्याच हातात ठेवला. म्हणाले, "यंदा मी एकट्याने धुणार नाही. ज्याचा धुतला, त्याने शेजाऱ्याचा धुवायचा." पास्कल क्षणभर गांगरला. मग त्याला खांबाजवळचा मोबाईल दिसला आणि तो इतक्या नम्रतेने गुडघ्यावर आला की मागच्या बाकावरच्या दोन बायकांनी डोळे पुसले.

फिलूमावशीने चप्पल काढली. दुपारपासून ती टँकरच्या रांगेत होती आणि तिथूनच थेट आली होती. घोट्यापर्यंत चिखल, भेगांत पास्कलच्याच साइटचं सिमेंट. पहिलं पाणी माझ्यात पडलं ते काळं.

पास्कल चेहऱ्यावरचं हसू न मोडता पुटपुटला, "मावशी, पाय धुऊन यायचं ना. सगळे धुऊन येतात."

फिलूमावशीला ऐकू कमी येतं, त्यामुळे ती हळू बोलत नाही. "कशाने धुऊ रे? आठ दिवस नळ कोरडा आहे माझा. पाईप तूच तोडलास ना?"

गायनाच्या मास्तरांना प्रसंगाचं फार भान, त्यांनी लगेच पुढचं गाणं वरच्या पट्टीत सुरू केलं. फादरांनी हात वर करून ते थांबवलं.

"पास्कल," ते म्हणाले, "दोन्ही पाय धुवा. नीट."

त्याने धुतले. मला तीनदा ओतून आणावं लागलं. मला लाज वाटायला हवी होती म्हणे. मला आनंद झाला. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा मी काहीतरी खरोखर धुतलं होतं.

आता पुढची गंमत. त्यातलं वीस सेकंदांचं शूटिंग सगळ्यांच्या फोनवर फिरलं, आवाज काढून, वर बासरी घालून. शनिवारी पाईप जोडला गेला आणि गल्लीच्या तोंडावर बॅनर लागला: 'पास्कलभाई मिरांडा यांच्या अथक प्रयत्नांतून नवीन नळजोडणी.' खाली हात जोडलेला फोटो.

पॅरिश कौन्सिलची बैठक झाली. पाईपचा विषय कोणी काढला नाही. बाराजणांनी पाय स्वच्छ धुऊन यावं, असा ठराव मात्र एकमताने झाला. मी जुनी आणि बोजड दिसते, म्हणून काचेचं भांडं घ्यायचंही ठरलं. फादर जेरोम स्वतः मला फिलूमावशीकडे सोडून गेले.

परवा ती माझ्यात बोंबील साफ करत होती. दारात पास्कल, हातात कागद. "मावशी, पाणी दिलं ना मी तुला? आता एक सही दे. तुझ्या एकटीमुळे अख्खं गावठाण अडलंय."

तिने बोंबील ताटलीत काढले. मला खळखळून धुतलं, स्वच्छ पाणी भरलं आणि त्याच्यासमोर ठेवलं.

"बस. बूट काढ."

"कशाला?"

"त्या दिवशी फादरांनी तुझा एकच पाय धुतला. दुसरा मी धुते. तू माझे दोन्ही धुतलेस, मी विसरले नाही. पण सही मागू नकोस. हे घर माझं आहे."

ती थट्टा करत नव्हती. टॉवेलही तिने खांद्यावर घेतला होता. पास्कल माझ्यातल्या पाण्याकडे बघत राहिला. छप्पर देताना, भाषण करताना, गुडघ्यावर येतानाही त्याचा चेहरा असा पडला नव्हता.

"मीटिंग आहे मावशी," तो म्हणाला आणि निघाला. कागद ओट्यावरच राहिला. फिलूमावशीने त्यावर बोंबलांची डोकी ठेवली, पुडी बांधली आणि मांजरांना घालून आली.

तर मी आता इथे असते, फिलूमावशीच्या मोरीत. मला माशांचा वास लागलाय आणि मी मजेत आहे. चर्चमध्ये परत न्यायला कोणी येऊ नका. तिची सही मागायला मात्र उद्या आणखी कोणी येईल, पास्कल नाही तर दुसरा. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: बूट काढून आत या. पाणी भरून ठेवलंय.