पलीकडच्या काठावरची बैठक

“माझा माणूस तुम्ही मारलात. एकेकट्यानं नाही, सगळ्यांनी मिळून. मिळून केलेलं तेवढं एकच काम तुमच्या नावावर आहे.”

झंफीरा हे बोलली तेव्हा स्कोरुश गावच्या सांस्कृतिक भवनात कोणी मान वर केली नाही. लांब टेबलाभोवती जिल्हा परिषद होती, रस्ते खाते होते, पाणी खाते, जंगल खाते, युरोपचा निधी सांभाळणारे कार्यालय आणि गावचा मेयर सिल्वेस्त्रू. प्रत्येकापुढे नावाची पाटी. झंफीरापुढेही एक होती, ‘नागरी समाज’. शाळेच्या स्वयंपाकघरात मक्याचे पीठ घोटण्यात जन्म गेलेली ही बाई नागरी समाज कधी झाली, ते तिलाही कळले नव्हते.

“तुमच्या भावना समजतात, ताई,” जिल्ह्याच्या व्लादेस्कूबाई म्हणाल्या. “पण आजचा विषय वेगळा आहे. आजचा विषय तुमचा साकव.”

“वेगळा कसा? ओढा तोच आहे.”

“वहिनी, बसा जरा,” सिल्वेस्त्रू हळूच म्हणाला.

“तू बस. तू बसलेलाच बरा दिसतोस.”

जंगल खात्याच्या माणसाने हसू दाबायला पाण्याचा ग्लास उचलला. झंफीरा मात्र बसली नाही. नवरा, त्रांदाफिर, गेल्यापासून तिला बसवतच नव्हते. जेवायची उभ्याने, आणि घरात एकटीच असली तरी या दारातून त्या दारात येरझाऱ्या घालत राहायची.

रुशेट ओढ्यावरचा पूल पुरात वाहून गेला त्याला चार वर्षे होत आली होती. पलीकडे वरची आळी आहे, झंफीराचे घर तिथलेच. पूल रस्ते खात्याचा, पण त्याला मिळणारा रस्ता गावाचा. ओढ्याचे पात्र पाणी खात्याचे, वरच्या आळीकडचा काठ जंगल खात्याचा. पैसा युरोपचा, आणि तो मागायची सही जिल्ह्याची. बैठकांवर बैठका झाल्या. पूल हवा, यावर दर बैठकीत सगळ्यांचे एकमत. पाणी खाते म्हणायचे, आधी आराखडा आणा, मग परवानगी. रस्ते खाते म्हणायचे, परवानगीशिवाय आराखडा कशाच्या जोरावर काढू? जंगल खात्याला काठावरच्या बाभळी तोडायला हरकत नव्हती, पण हरकत नाही असे लिहून द्यायला हरकत होती. नाही म्हणणारा असा कोणी नव्हताच. एक जरी असता तरी झंफीरा त्याच्या दारात जाऊन बसली असती. पण सगळेच हो म्हणत असले तर कोणाच्या दारात बसायचे?

मग सप्टेंबरात, भर दुपारी, त्रांदाफिरच्या छातीत कळ आली. दवाखान्याची गाडी बोलावली. गाडी वेळेवर आली आणि गावाकडच्या काठाला उभी राहिली. वर डोंगरात पाऊस झाला होता, ओढा लाल होऊन धावत होता. झंफीराने त्याला बागेतल्या ढकलगाडीत घालून पाण्यापर्यंत आणले होते. ड्रायव्हर हातवारे करून ओरडला, खालच्या गावावरून वळसा घालून येतो. तो आला. तोवर ढकलगाडीत झंफीराचा नवरा नव्हता, नुसते प्रेत होते.

चाळिसाव्या दिवसाच्या आत, गेलेल्याच्या नावाने पाण्यावर साकव घालायची आमच्याकडे रीतच आहे. जो त्यावरून जातो तो ‘देव त्याला क्षमा करो’ म्हणतो, आणि मेलेल्याची पुढची वाट सुकी होते. बहुतेक लोक घरामागच्या पाटावर, लहान मूल उडी मारून जाईल अशा जागी, एक फळी टाकून मोकळे होतात. झंफीराने पंतेली सुताराला थेट रुशेटवर नेले.

“अगं, मेलेल्याला एक फळी पुरते,” पंतेली म्हणाला.

“त्याला पुरेल, दादा. मला जिती माणसं न्यायचीत.”

पंतेलीने डोके खाजवले, ओढ्यात थुंकला आणि कामाला लागला. वरच्या आळीने बाभळीच्या तुळया वाहिल्या, ओक लाकडाच्या फळ्या दिल्या. फादर युस्तिननी तुळशीच्या जुडीने पाणी शिंपडले, कठड्याला पांढरा टॉवेल बांधला, सगळ्यांनी उकडलेले गोड गहू खाल्ले आणि आलुबुखाऱ्याची दारू घेतली. पहिल्याच आठवड्यात साकवावरून एक बाळंतीण घरी आली. पोरे शाळेत वळसा न घालता जाऊ लागली. म्हातारेकोतारे उगाचच दोनदोनदा पलीकडे जाऊन येऊ लागले.

आणि चार वर्षे ज्यांच्या तारखा जुळत नव्हत्या, ते सगळे पंधरवड्याच्या आत, एकाच गाडीत बसून आले.

बैठकीनंतर प्रत्यक्ष पाहणी ठरलेली होती. नोव्हेंबरची उन्हे लवकर कलतात, म्हणून सगळे घाईने ओढ्यावर आले. गाडी गावाकडच्या काठाला थांबली. व्लादेस्कूबाईंनी कठडा घट्ट धरला आणि पाय मोजूनमापून टाकत पलीकडे गेल्या. मागून पाणी खात्याचे इंजिनियर मुन्तेआनू. हा माणूस शेजारच्याच खोऱ्यातला. साकवावर पाय ठेवताच त्याच्या तोंडून निघून गेले, “देव त्याला क्षमा करो.”

“काय म्हणालात?” बाईंनी वळून विचारले.

“काही नाही. खोकला.”

झंफीराने ते ऐकले.

झंफीराच्या अंगणात अक्रोडाखालच्या टेबलावर कागद मांडले गेले. तिने कुणाला बसा म्हटले नाही, तरी ते बसले. ती विहिरीपासून कुंपणापर्यंत आणि कुंपणापासून विहिरीपर्यंत फिरत राहिली. व्लादेस्कूबाईंनी मजकूर वाचला. बांधकाम विनापरवाना. आधार तपासलेला नाही. सार्वजनिक जीवितास धोका. या क्षणापासून वापर पूर्ण बंद.

“कुणाची हरकत?”

कुणाची नव्हती. सह्या झाल्या, भराभर, एका पेनाने.

“इतकं पटापट जमतं तुम्हाला,” झंफीरा म्हणाली. “मला वाटायचं तुमचे हात आखडलेत.”

“वहिनी, माझ्या हातात काही नाही हो,” सिल्वेस्त्रू म्हणाला.

“आहे की. ती पट्टी आहे.”

खरेच होती. जागेवरची अंमलबजावणी मेयरने करायची असते. त्याने लाल-पांढरी पट्टी साकवाच्या वरच्या आळीकडच्या तोंडाशी दोन्ही खांबांना ताणून बांधली आणि वर गाठ मारली. शाळेत असताना त्रांदाफिरच्या बाकावर बसणारा माणूस. गाठ मारताना त्याने झंफीराकडे पाहिले नाही.

“चला, उशीर झाला,” व्लादेस्कूबाईंनी पर्स उचलली.

झंफीरा पट्टीसमोर जाऊन उभी राहिली.

“कुठं?”

“कुठं म्हणजे? गाडी पलीकडे आहे.”

“दिसतेय मला. गाडी नेहमी पलीकडेच असते.”

“अहो ताई, आम्हाला परत जायचंय.”

“यावरून? जीवाला धोका आहे. तुम्हीच लिहिलंत, आत्ताच. शाई वाळली नसेल.”

“आम्ही अधिकारी आहोत. अपवाद म्हणून...”

“असू दे अपवाद. देणार कोण?”

आणि खोटे वाटेल, पण ते एकमेकांकडे बघू लागले. मुन्तेआनू म्हणाले, पात्र आमचे आहे, वरून कोण जातो ते नाही. रस्ते खात्याच्या माणसाने सांगितले, साकव हा रस्ता नव्हे, तेव्हा आम्ही काय बोलणार. जंगल खात्याने काठापुरते बोलायची तयारी दाखवली. निधीवाल्या पोराने फोन काढला. वरच्या आळीत फोनला रेंज लागत नाही हे त्याला कोण सांगणार?

वरच्या आळीचे लोक एकेक करून कुंपणाशी जमले होते.

“झंफीरा,” पंतेलीने मागून विचारले, “भवनातून यांच्या पाट्या आणून देऊ का गं? पाट्यांशिवाय सुचत नसेल.”

हशा पिकला. झंफीरा हसली नाही. पाण्यावरून गार वारा यायला लागला होता. पलीकडे ड्रायव्हरने हॉर्न वाजवला आणि हात गोल फिरवून विचारले, वळसा घालून येऊ का? व्लादेस्कूबाईंनी नाजूक बुटांकडे पाहिले, मग पाण्याकडे.

“वहिनी, पाया पडतो तुमच्या,” सिल्वेस्त्रू पुटपुटला. “जाऊ द्या यांना.”

“मी कुठं अडवलंय?”

तिने पट्टी पकडली आणि डोक्याच्या वर उचलून धरली, दारावरचा पडदा पाहुण्यासाठी धरावा तशी. वाट मोकळी झाली. पण पुढे कोणी आले नाही.

“त्रांदाफिरची ढकलगाडी तू उभा आहेस तिथंच होती, सिल्वेस्त्रू. समोर गाडी दिसत होती त्याला. मला दोनदा विचारलं त्यानं, आता कसं जायचं गं? मी शाळेत स्वयंपाक करणारी बाई, मला उत्तर आलं नाही. त्याच्या कपाळावरचा घाम पुसत राहिले नुसती.” पट्टी तिने तशीच वर धरली होती. “तुम्ही सगळे शिकलेले. चार वर्षं याच ओढ्यावर बोलताय. जायच्या आधी एकानं, कुणीही एकानं, मला सांगा. काय उत्तर द्यायला हवं होतं मी त्याला?”