तिफणीची होडी

मित्रांनो, जरा कल्पना करा. तुम्ही गावच्या तलावात मधोमध आहात. शिडात वारा भरलाय, काठावरची पोरं टाळ्या वाजवताहेत, आणि नेमकी तेव्हाच तुमच्या पोटाची फळी सुटू लागली आहे. तुम्हाला हात नाहीत, हाक मारता येत नाही. माझा पहिला प्रवास असाच संपला.

मी एक जुनी तिफण आहे. म्हणजे होते, आता होडी आहे. शिरड शहापूरच्या नामाजी आबांनी माझ्यामागे चालत आयुष्यभर पेरणी केली. पावसापाण्यात लाकूड टिकावं म्हणून दरवर्षी पेरणीआधी ते मला जवसाचं तेल चोळत. मग ट्रॅक्टर आला. मी गोठ्याच्या भिंतीला टेकले आणि शेळ्या माझ्यावर पाठ घासू लागल्या. आबांच्या धाकट्या मुलाने, प्रभूने, मला चुलीत घालायचं ठरवलं. तेव्हा आबांची नात सुकन्या आडवी आली. या सागाच्या लाकडाची तिला हातभर लांबीची, खेळण्यातली शिडाची होडी करायची होती.

तिने माझे तुकडे कापून घेतले, तासले आणि शाळेत कागद चिकटवतात त्या पांढऱ्या डिंकाने जोडले. कोरडी असताना मी दगडासारखी घट्ट होते. पाण्यात मात्र डिंक दुधासारखा पांढरा झाला आणि सुटला. प्रभूकाकाने पोहत जाऊन माझे तुकडे गोळा केले.

"होडी होती का बिस्कुट?" तो म्हणाला. "चहात बुडवल्यावानी विरघळली की."

सगळे हसले. आबांनी तेवढ्यात सुकन्येसाठी आणखी एक संधी मागून घेतली. या खेपेला बुडाली तर लाकूड चुलीला, असं ठरलं.

मित्रांनो, मला सुकन्येचं कौतुक वाटतं ते इथे. ती रडली, पण घाई केली नाही. तिची मैत्रीण अफशीन हिचे वडील, नासेरचाचा, गावातच दारं-खिडक्या बनवतात. त्यांच्याकडून तिने सागाच्या ढलप्या आणल्या, वेगवेगळ्या गोंदांनी जोडल्या आणि रात्रभर बादलीत बुडवून ठेवल्या. पांढरा डिंक सकाळी निसटला. झटपट चिकटणारा टिकला, पण जोड फरशीवर आपटताच कट्‌कन तुटला. दोन नळ्यांतलं मिश्रण कालवून लावायचा जो गोंद होता, त्याचा जोड भिजून, आपटूनही हलला नाही. हाच घ्यायचा, असं तिने ठरवलं.

पण मला जोडण्याआधी तिने एक काम प्रेमाने केलं. पाणी आत शिरू नये म्हणून, आबा करत तसंच, माझ्या प्रत्येक तुकड्याला तेल चोळलं. मग गोंद लावला. दुसऱ्या दिवशी तिने जोड जरा वाकवून पाहिला, तर गोंदाचा पापुद्रा सालीसारखा अख्खा निघाला.

"आता बास कर," म्हणत प्रभूकाकाने तुकडे उचलले आणि सरपणावर ठेवले. चूल पेटायला थोडाच अवकाश होता. सुकन्या ते तुकडे ओढणीत घेऊन नासेरचाचांकडे पळाली.

चाचांनी एक फळी नाकाशी नेली, मग बोट फिरवलं.

"बेटा, तेल लावलं ते बराबर हाये," ते म्हणाले. "पण वखत चुकला. गोंदाला उघडं लाकूड लागतं. आधी गोंद, तेल सगळ्यात शेवटी."

"आबानं वर्षानुवर्षं चोळलंय. आत मुरलं असंल की," सुकन्या म्हणाली.

"मग जोडायची जागा घास. कोरं लाकूड दिसंस्तोवर."

ती घासत बसली. पॉलिशपेपर तेलाने माखला की नवा घेई. घासलेल्या जागेला बोट लागू दिलं नाही. हाताला पिशवी बांधून, चाचांच्या देखरेखीखाली अंगणात गोंद कालवला. मला सुतळीने आवळलं आणि गोंद पुरता कडक होईपर्यंत कुणालाही हात लावू दिला नाही. तेलाचा हात फिरवला तो त्यानंतर, बाहेरून.

पुन्हा तलाव. आबा काठावर घोंगडी टाकून बसले. प्रभूकाका पलीकडच्या काठाला उभा राहिला. तुकडे वेचायलाच, असं म्हणत होता. मधोमध पोचले तेव्हा वारा वाढला, मी एका अंगावर कलले. पोटात पाण्याचा थेंबही आला नाही. मी सरळ झाले आणि पलीकडे जाऊन प्रभूकाकाच्या पायाला थडकले.

त्याने मला उचललं, उलटं केलं, जोडांवरून अंगठा फिरवला. सुकन्या बांधावरून धावत आली.

"तिफणीचं जू पडलंय अजून सरपणात," तो हळूच म्हणाला. "त्याचं काय व्हतंय का बघ."

मित्रांनो, जुन्या वस्तूंना एवढंच हवं असतं: जपायचं ते समजून जपा.

सुकन्येने मला ओढणीने पुसून लिंबाच्या सावलीत ठेवलं. मग घरी जाऊन सरपणातून ते जू ओढून काढलं, प्रभूकाकाच्या पुढ्यात टाकलं आणि त्याच्या हातात पॉलिशपेपर दिला.

"कोरं दिसंस्तोवर घासा, काका," ती म्हणाली आणि गोंदाच्या नळ्या आणायला चाचांकडे निघाली.