सारजाच्या पायावरची संख्या

मित्रांनो, मी एक जुनी संख्या आहे. एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. एकाला सातानं भागायला बसलात, की दशांशचिन्हापुढे मीच येते, पुन्हा पुन्हा, १४२८५७. मला दोनानं गुणलं की २८५७१४, तिनानं ४२८५७१. आकडे तेच, फक्त जागा बदलतात. सहापर्यंत हा खेळ चालतो. पाटीवर मला पाहून पोरं खुदकन हसायची, मास्तर कौतुकानं मान डोलवायचे. ते माझे बरे दिवस होते.

पुढे एकोणीसशे चौतीसच्या उन्हाळ्यात एक ताईतवाला मला सुप्याच्या बाजारात घेऊन बसला. ह्या संख्येत बाहेरचा आकडा शिरत नाही, आतला निसटत नाही, असं तो सांगे. गुणून दाखवी, पण सहालाच हात आखडता घेई. लबाड मेला! लोक माझ्यापुढे हात जोडत आणि मला वीट येई.

कोऱ्हाळ्याचा सावळाराम त्या गर्दीत होता. बारवेचं पाणी पिऊन त्याच्या लेकीला, सारजाला, नारू झाला होता. घोट्यातून दोऱ्यासारखा किडा डोकावत होता. घरी तिची आई द्वारकाबाई म्हणाली, काडीला गुंडाळून रोज जरा जरा ओढू, माझ्या माहेरी असंच करतात.

"वढायचा न्हाय," सावळाराम म्हणाला. "ह्ये आकडं त्येला आतच कोंडून मारत्यात."

त्यानं काजळ, शेण आणि शिळं तेल कालवून मला पोरीच्या घोट्यावर लिहिलं. थेट जखमेवर! शी! रोज जुन्या थरावर नवा थर. खाली पू साचला, माश्या घोंगावू लागल्या, पाय भोपळ्यासारखा सुजला. त्या घाणीत मी बसलेली, आणि सावळाराम मला उदबत्ती ओवाळतोय. मला त्या उदबत्तीचीच जास्त किळस आली.

सारजा चौथीत होती. पडून पडून कंटाळली, तशी तिनं पाटी मागितली आणि मला गुणत बसली. सहा झाले, पण पोर थांबली नाही. सातानं गुणलं, आणि पाटीवर नुसते नऊच नऊ उमटले. ९९९९९९. माझा एकही आकडा उरला नव्हता.

तिनं बापाला हाक मारली. "आबा, सातानं गुणलं की ह्यातलं समदं आकडं पळून जात्यात. मग नारू कसा कोंडून ऱ्हाईल?"

सावळारामनं स्वतः गुणून पाहिलं. पुन्हा पाहिलं. त्याचं तोंड उतरलं. मग गरम पाणी आणून त्यानं आपल्या हातानं मला धुऊन काढलं. सुटले एकदाची! द्वारकाबाईनं नारूचं टोक काडीला बांधलं आणि जरा जरा गुंडाळत तो बाहेर काढला. पाय वाचला, पण घोटा आखडला तो आखडलाच. सारजा शाळेत गेली ती लंगडत.

मित्रांनो, पाणी फडक्यानं गाळून प्या. मला ताईतात कोंबू नका, ओवाळू तर मुळीच नका. पाटीवर घ्या आणि मी मोडेपर्यंत गुणा. मोठी माणसं सहालाच हात जोडून बसली होती. सातानं गुणलं ते त्या पोरीनं, पाय ठणकत असताना.