नाकवाल्यांचा पेला

मित्रांनो, मी वयाने जुना, अंगाने लहान आणि स्वभावाने घाबरट असा एक काचेचा पेला आहे. पाणी पिण्याचा नव्हे. माझे पोट गोल, गळा आवळलेला आणि खाली आखूड पाय आहे. माझ्यात व्हिस्की ओततात, तीही चार चमचे, आणि पिण्याआधी बराच वेळ तिचा नुसता वास घेतात. तुम्ही वयाने मोठे आहात असे मी धरून चालतो. नसाल, तर माझी गोष्ट खुशाल वाचा, पण माझ्याजवळ यायला अजून काही वर्षे थांबा.

लोक म्हणतात काच थंड असते, तिला कशाचे काही वाटत नाही. साफ चूक. टेबलाच्या कडेपाशी ठेवले की माझा जीव खालीवर होतो. कुणी हातवारे करत बोलू लागले की होतो. नळाखाली धरणारा हात ओला असला तर विचारूच नका. गेल्या हिवाळ्यात मात्र मला माझ्या फुटण्याची नाही, एका माणसाची धास्ती लागली होती. तीच सांगायची आहे.

भट्टीतून निघालो तेव्हा मी लालभडक आणि मऊ होतो. एका गुबगुबीत गालांच्या कारागिराने लोखंडी नळीतून फुंकर मारून माझे पोट फुगवले. माझा पाय घडवताना त्याला ठसका लागला, म्हणून पायात मोहरीएवढा बुडबुडा राहून गेला. तपासणारी बाई मला बाजूला काढणारच होती, तेवढ्यात जेवणाची घंटा झाली आणि मी खोक्यात गेलो. आम्ही सहा भावंडे होतो. आता तिघे उरलो. दोघांना मांजराने पाडले. तिसरा शेजाऱ्यांकडे पाहुणे आले म्हणून उसना गेला, तो परत आलाच नाही. त्याचा विषय वहिनींसमोर काढायचा नसतो.

आम्हाला या घरात आणले धाकट्याने. तो मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहे आणि वर्षातून दोनदा रजेवर येतो. त्याचे थोरले भाऊ म्हणजे दादा. दादा चहाच्या कंपनीत चव घेण्याचे काम करतात. रोज सकाळी पांढऱ्या वाट्यांची रांग मांडलेली असते. दादा प्रत्येक वाटीतला घोट चमच्याने फुर्र करून ओढतात, तोंडात फिरवतात, थुंकतात आणि एका शब्दात निकाल देतात. त्या शब्दावर गोदामभर चहा पास होतो किंवा परत जातो. कंपनीत त्यांना 'नाकवाले' म्हणतात. दादांच्या पत्नी, ज्यांना धाकट्यासारखा मीही वहिनीच म्हणतो, त्या म्हणतात, "नाकवाले कसले? नाकाने कांदे सोलणारे!"

धाकट्याने आमच्यासोबत आयर्लंडची एक बाटली आणली होती. दादांना पिण्याचा शौक नव्हता. त्यांनी माझ्या पायातला बुडबुडा उजेडात धरून पाहिला, "हा माझा," म्हणाले, आणि पाव तास माझ्यात नाक घालून बसले. मग म्हणाले, "एका बाटलीवरून काही कळत नाही. दुसरी आण, म्हणजे पहिली कशी आहे ते सांगतो." झाले! त्यानंतर दर रजेला एक नवी आयरिश बाटली येऊ लागली.

ते माझे सोन्याचे दिवस होते. आयर्लंडची व्हिस्की बहुतेक वेळा तीनदा उकळून वाफेतून काढतात, म्हणून ती हलकी उतरते, हे मला दादांच्या बोलण्यातून समजले. पण हलक्या म्हणजे सगळ्या सारख्या नव्हेत. एक साधी मिश्र, ताज्या कापलेल्या गवतासारखी. एक नुसत्या मोड आणलेल्या सातूची, तिला पिकल्या नाशपातीचा वास. एकीत मोडाचा आणि बिनमोडाचा अशा दोन्ही प्रकारचा सातू तांब्याच्या भांड्यात घातलेला. ती आधी मिरीसारखी झणका देई, मग जिभेवर तेलकट गोड पसरे. आणि एक धुरावर सुकवलेल्या सातूची. ती पोटात आली की मला वाटे, कुणी तरी ओली लाकडे पेटवायला घेतली आहेत.

तुलनेचा दिवस रविवार, वेळ दुपारची. वहिनी बाटल्यांना धाकट्याचे जाड पायमोजे चढवत, म्हणजे कुणाला लेबल दिसू नये. निळ्या मोज्यातली कोणती आणि पट्ट्यांच्या मोज्यातली कोणती हे फक्त त्यांना ठाऊक. मग तिघेही वास आणि घोट घेत, आणि दोघे भाऊ ओळखत. दादांचे नियम कडक होते. पेल्यांना साबण लावायचा नाही, गरम पाणी आणि सुती फडके बस. त्या दिवशी कुणी अत्तर लावायचे नाही. त्यांच्या पेल्याला दुसऱ्याने हात लावायचा नाही. आणि ओतण्याआधी प्रत्येकाने रिकाम्या पेल्याचा वास घ्यायचा. चहाच्या वाट्यांचीही हीच रीत होती. पेल्यात जुना वास असेल तर पुढचा सगळा निकाल खोटा. दादा माझ्यात नाक घालत, डोळे मिटत आणि मोठ्याने म्हणत, "स्वच्छ." तो एक शब्द ऐकला की माझी छाती फुगे.

मग हिवाळ्याच्या तोंडावर दादांना ताप आला. आठवडाभरात उतरला. सगळे म्हणाले, बरे झाले, थोडक्यात भागले.

भागले नव्हते. हे पहिल्यांदा मला कळले. एका दुपारी वहिनी बाहेर गेल्या होत्या. दादांनी मला काढले, धुराच्या बाटलीतले चार थेंब ओतले आणि वास घेतला. मग पुन्हा घेतला. मग नाक शिंकरून आले आणि पुन्हा घेतला. मला गोल फिरवले, तळहाताने झाकले, एकदम उघडले. माझ्या पोटातून धूर उसळत होता, मित्रांनो, आणि तो माणूस माझ्यात असे डोकावत होता, जणू मी विहीर होतो आणि त्यांची किल्ली तळाशी पडली होती. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी कॉफीचा डबा हुंगला, लवंगा हुंगल्या, शेवटी स्वतःची बाही हुंगली. परत येऊन खिडकीपाशी उभे राहिले, तिथून दारापाशी, दारापासून पुन्हा खिडकीपाशी. त्यांना वास येत नव्हता. कशाचाच.

त्यांनी कुणाला सांगितले नाही. सव्वीस वर्षे ज्या नाकावर नाव मिळवले, ते गेले म्हणून सांगायचे कसे? दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले. पाण्याचा रंग पाहून, पानाचे वळण पाहून, जिभेला कडू किती लागते त्यावरून निकाल देऊ लागले. संध्याकाळी आले की मला काढून पुन्हा हुंगायचे. रोज. कधी कधी दहा-दहा वेळा. मी ओरडायचो, पण काचेचे ओरडणे कोण ऐकतो? एकदा चुकून चुकीचा चहा पास झाला तर दादांचे नाव मातीत जाईल, एवढेच माझ्या डोक्यात फिरत राही.

त्यातच घरात रंगकाम निघाले. वहिनींनी सगळे सामान बांधले. दोघा भावंडांच्या वाट्याला भांड्यांचे खोके आले आणि मी उरलो म्हणून मला एका लोकरी मफलरमध्ये गुंडाळून कपड्यांच्या पेटीत ठेवले. पंधरा दिवस मी तिथे अंधारात होतो. मफलरच्या घडीत दोन डांबरगोळ्या होत्या. त्या माझ्या पोटाला टेकूनच बसल्या. पहिल्या दिवशी मी गुदमरलो, आठव्या दिवशी मीच डांबरगोळी झालो आहे असे वाटू लागले.

रंग वाळला आणि धाकटा नवी बाटली घेऊन रजेवर आला. रविवार ठरला. बाकीचे दोन पेले वहिनींनी गरम पाण्याने धुतले. मला धुवायला त्यांनी हात पुढे केला, तर दादा म्हणाले, "राहू दे. माझा मी बघतो." त्यांचे लक्षच नव्हते. सकाळपासून ते जुन्या तुलनांच्या वहीतले वासांचे शब्द पाठ करत फिरत होते. त्यांनी मला फडक्याने पुसले, टेबलाशी बसले, रीतीप्रमाणे माझ्यात नाक घातले, डोळे मिटले.

माझ्या अंगाला, मित्रांनो, पेटीभर डांबरगोळ्यांचा दर्प येत होता. लहान मूलसुद्धा नाक धरून पळाले असते.

"स्वच्छ," दादा म्हणाले.

निळ्या मोज्यातली बाटली ओतली गेली. दादांनी मला तिरके केले, कडेने ओघळणारे थेंब पाहिले, फुर्र करून घोट घेतला. जीभ शाबूत होती. झणका बसला, तेलकटपणा कळला. "मोडाचा आणि बिनमोडाचा, दोन्ही सातू," ते म्हणाले. "आपली जुनीच. वास मधाचा, सुक्या अंजिराचा, आणि अगदी मागे लवंग."

"अगदी बरोबर!" वहिनी म्हणाल्या.

"कमाल आहे बुवा तुझी," धाकटा म्हणाला. "मला तर लवंग-बिवंग काही लागत नाही. तुझ्या ग्लासात जास्त येते काय? बघू." आणि 'नको' म्हणायच्या आत त्याने मला उचलून नाकाशी नेले.

तो इतक्या जोरात मागे सरकला की मी हातातून सुटता सुटता वाचलो. "शी! दादा, अरे ह्याला डांबरगोळीचा वास येतोय! डोकं उठलं माझं. तू अंजीर कुठून काढलंस?"

त्याला हसू येत होते. त्याला वाटले दादा गंमत करत आहेत. तो दादांकडे हसत पाहत राहिला, आणि हळूहळू त्याचे हसू गेले. दादा खाली मान घालून टेबलावरचा एक सुरकुतलेला कागद सरळ करत होते.

वहिनींनी मला घेतले. एकदाच वास घेतला आणि खाली ठेवले.

"कधीपासून?" त्यांनी विचारले.

दादांनी कागद आणखी एकदा सरळ केला.

"अहो, मी विचारतेय. कधीपासून?"

"तापापासून."

"तीन महिने?" वहिनींचा आवाज चढला. "तीन महिने रोज जेवताना 'छान वास सुटलाय' म्हणताय मला! आणि मागच्या आठवड्यात दूध करपलं, घरभर वास पसरला, तुम्ही शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलात. मला वाटलं, मुद्दाम उठला नाहीत. दोन दिवस अबोला धरला मी! तेव्हा तरी सांगायचं होतं."

"काय सांगणार होतो?" दादा म्हणाले. "नाकवाल्यांना नाक नाही, हे? उद्या हंगामाचं मोठं मिश्रण ठरायचंय. माझ्या शब्दावर."

"आणि तू शब्द देणार होतास?" धाकट्याने विचारले.

दादा उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. पुन्हा गेले. मी टेबलाच्या अगदी कडेला होतो आणि या वेळी मला पडायची भीती वाटली नाही. मला एवढेच वाटत होते की या माणसाने आता फोन उचलावा.

त्यांनी उचलला. कंपनीच्या मोठ्या बाईंना लावला. मग फोन टेबलावर ठेवून त्यांनी आवाज मोठा केला, म्हणून सगळे मलाही ऐकू आले.

"बाई, रविवारचा त्रास देतोय. उद्याच्या मिश्रणाला माझा निकाल धरू नका. मला वास येत नाही. तीन महिने झाले. मी लपवलं."

पलीकडे कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या.

"काय?"

"दुसऱ्याच आठवड्यात लक्षात आलं. तुम्ही वाटी हुंगायच्या आधी शब्द बोलायला लागलात. तेव्हापासून तुम्ही घरी गेलात की मी त्याच वाट्या पुन्हा चाखून घेते. एकही चहा चुकीचा गेलेला नाही, काळजी करू नका."

दादांनी खुर्ची ओढून घेतली. "मग बोलला का नाहीत?"

"तुम्हाला कोण बोलणार?" बाई म्हणाल्या. "ज्यांच्याकडून मी वास घ्यायला शिकले, त्यांना मी म्हणू की तुमचं नाक गेलं? मला वाटलं, तुम्ही सांगाल. रोज वाट बघत होते. उद्या या तुम्ही. चाखू नका हवं तर, पण या."

फोन बंद झाला. दादांना लाज वाटली, रागही आला आणि सुटल्यासारखेही झाले, हे मला त्यांच्या तोंडावर दिसले. तीन महिने ते ज्या गुपिताचे ओझे एकटे वाहत होते, ते गुपित तर केव्हाचे फुटले होते. वाट्यांपाशी बाई गप्प, घरात वहिनी अबोला धरून, दादा खिडकी आणि दाराच्या मध्ये. तिघेही आपापल्या जागी अडकले होते आणि कुणी कुणाला काही विचारत नव्हते.

वहिनी त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. बराच वेळ त्यांनी दादांचा हात सोडला नाही.

त्या रविवारला आता चार महिने झाले. डॉक्टर म्हणतात, वास परत येईल किंवा येणारही नाही. अजून तरी आलेला नाही. दादा कामावर जातात, नव्या मुलींना वास ओळखायला शिकवतात. रविवारी मोजे घातलेल्या बाटल्या येतात; मोजे आता वहिनी डोळे मिटून चढवतात, म्हणजे त्यांनाही कळू नये. वहिनी आधी मला हुंगतात आणि काय वाटते ते सांगतात, मग दादा घोट घेतात आणि दोघे मिळून ओळखतात. बऱ्याचदा चुकतात.

मित्रांनो, मला धुऊन ठेवा, डांबरगोळ्यांपासून लांब ठेवा, एवढी विनंती तर कुठलाही पेला करील. माझी विनंती वेगळी आहे. घरातल्या कुणाचे काही हरवले आहे असे दिसले, तर तो सांगेल म्हणून वाट बघत बसू नका. मला सगळ्यात आधी कळले होते, पण मी काच होतो. तुम्हाला तर विचारता येते.