मैनी म्हस गोठ्यातनं हलंना

आकारामानं आयचं लुगडं नेसलं व्हतं, आन् मी हसू दाबत पेंड-भुश्याच्या आंबोणाची पाटी घिऊन त्येच्या मागं हुबी व्हते. मैनी म्हस त्येच्या आयच्या हातावरची. दुसऱ्याला काशंला हात लावू द्यायची न्हाई. अशा म्हशीला आमच्याकडं असंच फसवत्यात. लुगडं नेसायचं, पदर डोस्क्यावर घ्यायचा आन् गप खाली बसायचं. पर मैनी काय येडी न्हवती. तिनं एकदा हुंगलं आन् लाथ झाडली. चरवी तिकडं, आकाराम हिकडं.

"हसू नगा काकू," शेणातनं उठत आकाराम म्हणाला. "कास बघा, दगडावानी झालीया. आज धार निघाली न्हाई तर म्हस गेली हातची."

"मला काय सांगतूस? तुज्या आयला सांग की."

त्येची आय साळूबाई, माझी थोरली जाव. ती खळ्यात, उघड्यावर, कडब्याच्या खोपीत बसली व्हती. कोयनंचा भूकंप झाल्यापासनं तिथंच. आमचं गाव मेढ्याच्या वर, डोंगरात, तरी त्या पहाटं सगळी घरं हालली. साळूबाईच्या घराची भिंत आत पडली आन् तुळईखाली तिचा पाय घावला. उजाडंपतोर बाई अंधारात, गळ्याइतक्या मातीत. वडून काढली तवा पाय शाबूत निघाला, पर बाई काय शाबूत निघाली न्हाई. तवापासनं कौलाखाली पाऊल टाकलं न्हाई तिनं. पुसाचा गारठा, खोकून खोकून जीव हैराण, पर आत चल म्हटलं की खळ्यातच फतकल मारायची. खोपीतबी जरा वारं आलं की उठून पळायची.

भूकंपानंतर मैनीबी खळ्यातच बांधलेली, साळूबाई तिथंच धार काढायची. पर परवा मैनीनं दावं तोडलं आन् सरळ गोठ्यात जाऊन आपल्या दावणीला बसली. वडली, बडवली, शेपूट पिरगाळलं. हलायचं नावच न्हाई. रेडकू दिवाळीच्या आदीच दगावलेलं, मग पाजणार तरी कुणाला? म्हस आत, मालकीण भाईर, आन् दूध काशंत तटलेलं.

मी खळ्यात गेले. म्हटलं, "आक्का, उठा. धार तेवढी काढा."

"भाईर आणा तिला. काढती."

"ती येत न्हाई."

"मग मरू दे." असं म्हणाली आन् तोंड फिरवून रडाया लागली. मैनीला तिनं रेडकू असल्यापासनं हातावर वाढवली व्हती. जरा वेळानं म्हणाली, "तिला काय कळतंय गं? मुकं जनावर. वर कौलं हायती का आभाळ, तिला काय त्येचं?"

मला आला राग. रोज भाकरी खोपीत आणून द्यायची, रोज तीच रडगाणी ऐकायची.

"कळत न्हाई कसं? त्या पहाटं तुमच्या आदी ती भ्याली. दावं तोडून वड्यापतोर पळाली. जमीन हालायची थांबली तशी माघारी आली आन् रवंथ करत बसली. तिचं भ्या तितंच संपलं. तुमी मातर अजून पळतायसा, हितं बसून."

 तेवढ्यात गोठ्यातनं मैनी हंबरली. लांब, दुखऱ्या आवाजानं. परत हंबरली. साळूबाईनं कानांवर हात ठेवलं, काढलं. मग भिंतीला धरावं तसं मला धरून उठली.

गोठ्याच्या दारात मातर ती अडली. वर वाशाकडं बघत हुबी ऱ्हायली. घामानं चोळी भिजली. "सोड मला," म्हणाली, पर हात तिनंच माझा धरलेला. मैनीनं मान वळवून तिच्याकडं बघितलं, नाकानं फुर्र केलं आन् परत रवंथ कराया लागली. साळूबाई शिव्या देत आत गेली. मला, आकारामाला, म्हशीला, सगळ्यांस्नी. खाली बसली, डोस्कं म्हशीच्या कुशीला टेकलं आन् डोळं मिटून कास कुरवाळाया लागली. आदी गुठळ्या निघाल्या, रगत आलं. मग चरवीत पयली धार वाजली. आकारामानं माझ्याकडं बघितलं. आमी दोघंबी दारातच हुबी.

आन् जमीन हालली.

तवा असं धक्के येतच व्हते, पर हा चांगला दणकून आला. कौलं खडखडली, वरनं माती सांडली. आकाराम आन् मी एका उडीत अंगणात. मैनीनं कान टवकारलं, पाय बदलला. आमी भाईरनं बोंबलतोय, "आये, भाईर ये! आक्का, पळा, पळा!"

आतनं साळूबाईचा आवाज आला, दबका आन् चिडका, "वरडू नगा रं मेल्यांनो. म्हस पान्हा चोरंल."