तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये

"ताई, माझं काम जाईल म्हणून सांगत नाही. पण तीन कंपन्यांतल्या दोन बंद पडल्या ना, की तिसरी तुमचा फोनही उचलणार नाही."

मित्रांनो, मी एक जुनी लिफ्ट आहे आणि हे वाक्य माझ्या पोटात उभं राहून बोललं गेलं. बोलणारे होते माझे मिस्त्री. ऐकणारी होती चौथ्या मजल्यावरची बाळाची आई, आमच्या सहा मजली इमारतीची सचिव. बैठकीत बाळावरची माशी हाकलायला तिने हात वर केला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवून तिला सचिव करून टाकलं.

"काका, तुम्ही फार काळजी करता," ती हसून म्हणाली. बाळाचं दूध तीनदा मनगटावर टाकून पाहणारी ती.

माझे दिवस तेव्हा मजेचे होते. शहरात लिफ्ट सांभाळणाऱ्या तीन कंपन्या होत्या आणि त्यांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. त्यांच्या भांडणात माझी चैन. मी नुसती खोकले, तरी मिस्त्री तेलाची बुधली घेऊन हजर. उशीर झाला तर दुसरीचा माणूस दारात उभा असायचा. रोज पाच वाजता मी सहाव्या मजल्यावरच्या आजींना खाली आणायचे. आजी निवृत्त टंकलेखिका. गुडघे रुसलेले, पण तळमजल्यावरच्या शिंपीकाकांशी बुद्धिबळाचा डाव कधी चुकला नाही.

मग थोरल्या कंपनीने पहिलं वर्ष फुकट देऊ केलं. गल्लीतल्या सगळ्या इमारतींनी सह्या केल्या, आमच्या सचिवबाईंनीही. वर्षभरात धाकट्या दोघींना काम उरलं नाही. थोरलीने त्या विकत घेतल्या आणि कुलूप लावलं. मिस्त्री घरी बसले. माझ्या खटक्यांचा डबा बदलला. नवा फक्त कंपनीच्याच किल्लीने उघडतो. कपाळावर स्टिकर आलं: 'तत्पर सेवा'.

पुढच्याच मंगळवारी मी तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये थांबले. स्टिकरसकट. पोटात कोणी नव्हतं, एवढंच नशीब.

आईने फोन लावला. आधी नुसतं गाणंच वाजायचं. तिसऱ्या दिवसापासून बाळ त्या गाण्यावर झोपू लागलं. आठव्या दिवशी माणूस बोलला.

"मॅडम, अख्ख्या शहराला आमची दोनच माणसं आहेत."

"पूर्वी बारा होती."

"पूर्वी तीन कंपन्या होत्या, मॅडम."

"मग मी दुसऱ्या कोणाला बोलावते."

"बोलवा," तो मनापासून म्हणाला. "सापडला तर मलाही नंबर द्या. आमच्या इमारतीची लिफ्टही बंदच आहे."

माझ्या जाळीतून आता फक्त जिन्यावरचे दमलेले पाय दिसत. आजींचा डाव मात्र चालू होता. सज्जातून दोरीला बांधलेली टोपली खाली यायची, तिच्यात चिठ्ठीवर चाल लिहिलेली असायची. येणारा-जाणारा विचारायचा, "आजींचा घोडा कुठवर आला?"

अकराव्या दिवशी चिठ्ठी आली आणि शिंपीकाका खो खो हसले. "बघ गं सचिवबाई, म्हातारीने अडीच घरांचा घोडा सरळ चालवलाय. हरायला लागली, तर रडीचा डाव."

आई हसली नाही. आजींच्या हातून चाळीस वर्षांत टंकाचं एक अक्षर चुकलं नव्हतं. ती बाळाला कडेवर घेऊन धावली. मला दिसलं ते इतकंच, की तिच्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

पुढचं मला जिन्यावरच्या गप्पांतून कळलं. आजी खुर्चीत भोवंडून बसल्या होत्या. रक्तदाबाच्या गोळ्या संपून चार दिवस झाले होते.

"आजी, टोपलीतून मागवायच्या ना."

"शिंप्याला कळलं असतं मी आजारी आहे. मग मुद्दाम हरला असता मेला."

डॉक्टरीणबाई धापा टाकत वर आल्या आणि आधी स्वतः पाणी प्यायल्या. आजी सावरल्या. मग आईने मिस्त्रींना फोन केला.

"काका, तुमचंच खरं होतं."

"ते राहू द्या, ताई. डब्याची किल्ली माझ्याकडे नाही."

आता ती बाळाला घेऊन पाच इमारतींचे जिने चढते आहे. करार संपला की मिस्त्रींना काम द्यायचं, यासाठी सह्या गोळा करते. मी अजून इथेच लटकले आहे.

मित्रांनो, फुकट वर्षावर सही केली ती चौथ्या मजल्याने. त्याची किंमत चढत गेली सहाव्यापर्यंत. तुमच्याकडे माझी एखादी बहीण बंद पडली असेल, तर तिची चौकशी नंतर करा. आधी सगळ्यात वरच्या मजल्यावर जा, बेल वाजवा आणि घोडा कसा चालतो, ते विचारून या.