‘कोरडी चौकी’ची बाजू

‘बारावी चौकी’ ही अंतराळातली मालिका एकोणीस वर्षं चालू आहे. तिच्यातली सगळ्यात भिकार गोष्ट कोणती असं कुणालाही विचारा, उत्तर एकच: ‘कोरडी चौकी’. हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

यंदाही रविवारी बजाजनगरच्या एका हॉलमध्ये आम्ही मोठ्या पडद्यावर या मालिकेतली एक जुनी गोष्ट दाखवणार होतो. आम्ही म्हणजे राजकुमार, सत्यम, मोनाली आणि मी. कोणती दाखवायची ते ठरवायला पुंडलिकनगरात राजकुमारच्या ओट्यावर जमलो. दरवर्षी मी ‘कोरडी चौकी’चं नाव काढते आणि दरवर्षी माझं हसं होतं. म्हणून या वेळी आल्या आल्या सांगून टाकलं, "आज ही पडली तर मी गटातून बाहेर."

बोलून गेले आणि मग भान आलं. हे तिघं सोडले तर परग्रहांवर तावातावानं भांडायचं कुणाशी? ऑफिसात तर मालिका म्हटलं की सासू-सुनाच निघतात.

"अगं, पण त्यात घडतंय काय?" सत्यम म्हणाला. "लढाई नाय, राक्षस नाय. धुळीच्या चंद्रावर एकटी बाई पाण्याच्या यानाची वाट बघती. संपलं!"

"वाट बघते हेच तर घडतं!" मी ओरडलेच. "विश्व वाचवणारे वीर या मालिकेत पायलीला पन्नास आहेत. आज डोक्यावरून आंघोळ करू की नको, असा विचार करणारी ही एकटी इरा!"

मोनाली खुदकन हसली आणि म्हणाली, "माझं मत हिला." पण सत्यम राजकुमार म्हणेल तिकडं हात वर करणार हे ठरलेलं. म्हणजे सगळं राजकुमारवर. आणि त्या गृहस्थाला मालिकेतलं प्रत्येक यान नटबोल्टासकट पाठ.

"शेवट सांग मला शेवट," तो म्हणाला. "यानाचा पत्ता नाय, संदेश नाय. अन् ही बाई साठवलेलं सगळं पाणी ओतून देती, टाक्या घासती, झाकणं उघडी टाकून आभाळाकडं बघत बसती. लिहिणाऱ्याला डुलकी लागली होती, दुसरं काय!"

तेवढ्यात आतून त्याच्या आईचा, कडूबाईंचा आवाज आला. "राजू, ड्रम धू रं बाबा. आज नळाला पाणी यायचा वार हाय."

"व्हय आई," म्हणत तो उठला. तोंड मात्र चालूच. अंगणातल्या निळ्या ड्रमचं झाकण काढलं. "तूच सांग अपेक्षा, जिथं पाणी तांब्यानं मोजून वापरतात, तिथं कुठला शहाणा माणूस भरलेलं..." असं म्हणत त्यानं ड्रम कलता केला. पाणी भसाभसा अंगणभर पसरलं. मोनालीनं चपला उचलल्या.

मी ताडकन उभी राहिले. "राजकुमार, काय करतोयस?"

"ड्रम धुतोय. शिळं हाय पाणी."

"नळ आला?"

"येईल ना आता."

"पालिकेचा मेसेज आला?"

"मेसेज कुठं वेळेवर येतो..."

आणि तो थांबला. ड्रम तसाच कलता, त्याचा हात त्यावर.

"मागच्या खेपेला नळ दोन दिवस उशिरा आला होता!" आनंदानं माझी जीभ अडखळत होती. "तरी आज ओतलंसच ना? तिनंही तेच केलं! ती वेडी नाही रे. यान येणार हे तिनं मनाशी पक्कं केलंय, म्हणून हातातलं होतं नव्हतं ते ओतून, टाक्या घासून बसलीय. एवढी छातीची बाई या मालिकेत दुसरी दाखव मला!"

राजकुमारनं ड्रममध्ये डोकावून पाहिलं. तळाशी अजून बादलीभर तरी पाणी होतं. मग त्यानं भिंतीजवळच्या नळाकडं पाहिलं. नळ ठणठणीत कोरडा. आता तेवढं पाणी राखून ठेवलं असतं, तर मला पुढं बोलायला जागाच उरली नसती.

त्यानं ड्रम पार उपडा केला.

"रविवारी तीच लाव," तो म्हणाला. "अन् ती घासणी दे इकडं."